शिबिराला येतोयस, तर आधी हे वाच

केज, जि. बीड

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. ‘नेतृत्वविकास’ यावर दीड तास बोलतो म्हणतोस, पीपीटीही तयार आहे म्हणे. ये, जरूर ये. पण ती पीपीटी पुण्यातच राहू दे. इथल्या पोरांनी भाषणं चिक्कार ऐकलीत. भरतीच्या अकॅडमीवाला ऐकवतो, वाढदिवसाच्या बॅनरवरचा भावी सरपंच ऐकवतो. टाळ्या कुठं वाजवायच्या हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं.

दिवाळी सरली की गाव निम्मं ऊसतोडीला कारखान्यावर जातं, हे तुला सांगायला नको. मागं आजीजवळ राहिलेलं पोरगं रेशन आणतं, धाकट्यांना शाळेत धाडतं, बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवतं. आमच्या गटातल्या एकानं गेल्या हंगामानंतर ऊसतोड टोळीच्या मुकादमासमोर बसून आईबापाच्या कोयत्याची, म्हणजे जोडीची, उचल (हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) मांडली. टन किती, दर किती, फिटली किती. मुकादमाला दोन ठिकाणी खाडाखोड करावी लागली. हाच गडी ग्रामसभेत खांबाला टेकून उभा. बोल म्हटलं तर म्हणतो, “मोठी माणसं बोलायलेत की सर, आपण कशाला मधी?” जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यांची यादी तू पाठवलीस, त्यातली निम्मी त्याच्या अंगात आहेत. ती पंचायतीच्या पायरीशी अडतात, एवढंच.

म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा खेळतो. एक सरपंच, एक ग्रामसेवक, बाकी गाव. 18 पूर्ण आणि मतदारयादीत नाव म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सदस्य, 21 पूर्ण झालं की निवडणुकीलाही उभं राहता येतं, हे बऱ्याच जणांना इथंच पहिल्यांदा कळतं. सभेला लागणारी गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. हे कळल्यावर पोरं खऱ्या सभेत डोकी मोजायला लागली. काहींना ते आवडलं नाही, ते सोड.

गेल्या सभेत बारावी झालेली एक मुलगी उठली. वाक्य मनगटावर पेनानं लिहून आणलं होतं. “मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा.” आवाज कापत होता, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं चाललेलं. मागून कुणीतरी म्हणालं, “बस बाई, तुझ्या बापाला सांगू.” ती बसली नाही. वाचल्यावर निघालं काय, तर तिच्या वस्तीच्या पाइपलाइनबद्दल नुसतं ‘चर्चा झाली’. ठराव नाहीच. नळ अजून आलेला नाही, पण या वेळी ठराव लिहिला गेला आणि तिनं नक्कल मागून घेतली.

महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. तरी खुर्चीशेजारी सरपंचपती बसलेला असतोच, आणि आमच्या मुली रोज तेच बघतात. पण किल्लारी आठव. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या बायका संवाद सहायक झाल्या, गाव आणि सरकारी यंत्रणा यांच्यामधल्या. पुढं 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिकडच्या बायकांना धीर द्यायला, अनुभव सांगायला गेल्या. आधी काम गळ्यात पडलं, बोलणं त्यातून आलं. माझा सगळा भरवसा या क्रमावर आहे.

तर तू असं कर. तहसीलमधला साहेब हो आणि त्यांचे अर्ज नाकार. “उद्या या” म्हण, कागद कमी आहे म्हण. न चिडता, न रडता पोरं परत मागतात का बघ. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कुणालाही टेबलापासून हलू देऊ नकोस. शिक्का, तारीख, सही. तुझ्या यादीत हे अकरावं घाल.

26 जानेवारीच्या सभेच्या आधीचा शनिवार-रविवार धर. सत्र सकाळी ठेव, मुलींना दुपारच्या एसटीनं परतावं लागतं. मुक्कामाला घरीच ये. वहिनींनाही आण, मुली त्यांच्याशी मोकळ्या बोलतील. येताना कोऱ्या वह्या आण, पेनं इथं मिळतात.

तुझा,
नाना