वाद झाला म्हणून पात्रता संपत नाही

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

क्रिकेट समालोचक संजय मांजरेकर यांना पद्मश्री द्यावी काय, या प्रश्नावर सांगलीच्या शिवाजी स्टेडियमवर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांत गेले काही दिवस चर्चा चालू आहे. पद्म पुरस्कारांसाठी कोणाही नागरिकाला ऑनलाइन शिफारस करता येते, हे आमच्यातील एकाने सांगितले, तेव्हा मी मांजरेकर यांचे नाव घेतले आणि बहुतेकांनी ते तत्काळ नाकारले. कारण सर्वांचे एकच होते : 'तो माणूस वादग्रस्त आहे.' या एका शब्दापुढे एखाद्याचे सुमारे पंचवीस वर्षांचे काम कोणी पाहूच नये, हे मला पटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या प्रसंगावरून ते वादग्रस्त ठरले, तो नीट आठवून पाहावा. २०१९ च्या विश्वचषकाच्या वेळी त्यांनी असे मत मांडले की, पन्नास षटकांच्या क्रिकेटमध्ये रवींद्र जडेजा हे त्या घडीला थोडी गोलंदाजी आणि थोडी फलंदाजी करणारे खेळाडू आहेत आणि अशा खेळाडूऐवजी आपण संघात निखळ फलंदाज किंवा निखळ फिरकी गोलंदाज घेऊ. कसोटीत मात्र जडेजा हे निखळ गोलंदाज आहेत, असेही त्यांनी त्याच वेळी म्हटले होते. तो भाग आज कोणाला आठवत नाही. जडेजा यांनी समाजमाध्यमावर अतिशय कडक शब्दांत उत्तर दिले आणि आपण मांजरेकरांच्या दुप्पट सामने खेळलो असून अजूनही खेळत आहोत, याची जाणीव करून दिली. पुढे १० जुलै रोजी मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात २४० धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ६ बाद ९२ झाली असता जडेजा यांनी ५९ चेंडूंत ७७ धावा काढल्या आणि धोनी यांच्यासोबत ११६ धावांची भागीदारी केली. भारत १८ धावांनी हरला, परंतु जडेजा यांनी आपले मत पार खोडून काढले, हे मांजरेकर यांनी त्यानंतर जाहीरपणे कबूल केले.

म्हणजे एका जाणकाराने मत दिले, ते चुकले आणि त्याने ते चुकल्याचे सर्वांसमक्ष मान्य केले. यात गैर काय घडले, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. चुकीच्या मताबद्दल समालोचकाला कायमचे अपात्र ठरवायचे असेल, तर ज्याने कधी मतच दिले नाही असाच समालोचक पात्र उरेल. २०२१ मध्ये फिरकी गोलंदाज रविचंद्रन अश्विन यांना सार्वकालिक श्रेष्ठ म्हणण्यास मांजरेकर यांनी आक्षेप घेतला, तेव्हाही असाच गदारोळ झाला. पण दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांत अश्विन यांनी एकाही कसोटी डावात पाच बळी घेतलेले नाहीत, हा मांजरेकर यांचा आधार खरा होता. निष्कर्ष पटो वा न पटो (मला स्वतःला तो पटत नाही, कारण मायदेशातील सामने जिंकून देणे मी कमी मानत नाही), त्यामागे अभ्यास होता, हे नाकारता येणार नाही.

आपल्या भागातील वाचकांना हा मुद्दा कुस्तीच्या मैदानावरून अधिक चांगला कळेल. कुंडलचे मैदान असो किंवा एखाद्या गावच्या जत्रेतले, हलगीचा आवाज खाली आला की निवेदक माइकवरून पैलवानाला सरळ सुनावतो की, खडाखडी (म्हणजे उभ्याने एकमेकांना जोखणे) पुष्कळ झाली, आता डाव टाका. त्या वेळी पैलवानाचे वस्ताद समोर बसलेले असतात, त्याचे गावकरी असतात, बक्षीस लावणारेही असतात. तरीही निवेदकाने पैलवानाचा अपमान केला असे कोणी मानत नाही, कारण हाच निवेदक पुढच्या क्षणी त्याच पैलवानाने पट कसा काढला, हे हजारो लोकांना आनंदाने सांगणार असतो. मी आयुष्यात कधी आखाड्यात उतरलेलो नाही. घिस्सा हा डाव कधी लागतो आणि कुठे फसतो, हे मला दिसू लागले ते या निवेदकांमुळेच. समालोचकाची सेवा म्हणतात ती हीच, असे मला वाटते : ज्याला खेळ नुसता दिसत होता, त्याला तो समजू लागणे. फिरकीला पुढे सरसावताना फलंदाजाचा पाय कुठे अडकला, डोके चेंडूच्या रेषेत का नव्हते, हे मांजरेकर इतक्या मोजक्या शब्दांत सांगतात की, तोच चेंडू पुन्हा दाखवला जातो तेव्हा माझ्यासारख्या सामान्य प्रेक्षकालाही ते दिसते.

त्यांच्या विरोधातील एक गोष्ट मात्र मला गंभीर वाटते आणि ती झाकण्याची माझी इच्छा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारतातील पहिली गुलाबी चेंडूची (दिवस-रात्र) कसोटी चालू असताना, चेंडू खेळाडूंना नीट दिसतो की नाही हे त्यांनाच विचारावे, असे सहसमालोचक हर्षा भोगले यांनी सुचवले. त्यावर मांजरेकर यांनी, ज्यांनी खेळ खेळला आहे त्यांना ते विचारावे लागत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. मोठ्या स्तरावर क्रिकेट न खेळलेल्या माणसालाही क्रिकेट कळू शकते, हे भोगले यांनी आयुष्यभराच्या कामाने दाखवून दिले आहे. त्यांना, तेही थेट प्रक्षेपणात, असे बोलणे हा उद्धटपणा होता. जडेजा यांच्याबाबतीत चुकला तो अंदाज, इथे चुकले ते वागणे. मांजरेकर यांनी पुढे आपली ही चूकही मान्य केली आणि ते वर्ष समालोचक म्हणून आपल्यासाठी सर्वांत वाईट होते, असे सांगितले. माझ्यापुरता तो विषय तिथे मिटला. ज्यांच्या मनात तो मिटला नसेल, त्यांना मी दोष देणार नाही.

मार्च २०२० मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना आपल्या समालोचकांच्या यादीतून वगळले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी मंडळाला पत्र पाठवून, आखून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काम करण्याची तयारी दाखवली आणि आपल्याला परत घेण्याची विनंती केली. त्यांना निर्भीड म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला हे पत्र अडचणीचे आहे. ते वाचून मला खरोखर वाईट वाटले. परंतु सामने भरवणारे, प्रक्षेपणाचे हक्क विकणारे आणि अनेकदा माइक कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवणारे एकच मंडळ असेल, तर समालोचकाने किती काळ आणि कशाच्या बळावर ताठ उभे राहावे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. २०१६ मध्ये हर्षा भोगले यांना आयपीएल सुरू होण्याच्या तोंडावर वगळण्यात आले आणि त्याचे कारण आपल्याला कोणी सांगितले नाही, असे त्यांनी स्वतः लिहिले होते. ज्यांचे बोलणे सहसा सौम्य असते, त्यांचीही ही गत झाली. समालोचकाचा मान ठरवण्याचे काम मंडळाच्या मर्जीवर न सोडता देशाने आपल्या हाती घ्यावे, असे मला वाटते ते यामुळेच.

समालोचकाला पद्म देणे नवीनही नाही. मेलव्हिल डिमेलो यांना १९६३ मध्ये, जसदेव सिंग यांना १९८५ मध्ये आणि इंदूरचे सुशील दोशी यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली; जसदेव सिंग यांना तर २००८ मध्ये पद्मभूषणही मिळाले. हे तिघेही आवाजाचे धनी होते आणि रेडिओवर डोळ्यांसमोर मैदान उभे करणे हे त्यांचे सामर्थ्य होते. बाळ ज. पंडित यांचे मराठी धावते वर्णन ज्या पिढीने ऐकले, त्या पिढीला ते सामर्थ्य निराळे सांगावे लागत नाही. दूरचित्रवाणीवर मात्र मैदान सर्वांना दिसतच असते, त्यामुळे तिथे वर्णनापेक्षा चिकित्सेला महत्त्व येते आणि चिकित्सा म्हटली की कोणी तरी दुखावणारच. पद्म पुरस्कारांच्या 'साहित्य आणि शिक्षण' या विभागात पत्रकारितेचा समावेश आहे. मांजरेकर यांचा विचार खेळाडू म्हणून नव्हे, तर या नात्याने व्हावा. ३७ कसोटी सामने आणि लाहोरचे द्विशतक येथे बाजूला ठेवावे. समालोचनाचे भरपूर मानधन मिळते, मग सेवा कसली, असाही आक्षेप आमच्यात निघाला. पण गायकांना आणि अभिनेत्यांना हा प्रश्न आपण विचारत नाही.

एका ज्येष्ठ स्नेह्यांचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला. ते म्हणाले, 'सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबांना पद्म मिळत नाही आणि तुम्ही बोलणाऱ्यांना मागता?' कुस्तीगीर खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले, अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, आणि पद्म आजवर नाही. मरणोत्तर पद्म सहसा दिला जात नाही, हे कारण मला पुरेसे वाटत नाही, कारण ते हयात असताना देशाकडे बत्तीस वर्षे होती. याच देशाने १९६० मध्ये जसू पटेल यांच्याबरोबर आमच्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांना पद्मश्री दिली होती. क्रिकेटपटूंना मिळालेल्या त्या पहिल्या पद्मश्री. त्या वेळी खाशाबा कोणाला आठवले नाहीत, ही वेदना मीही बाळगतो. मात्र ती दूर करायची तर खाशाबांसाठी मागणी लावून धरली पाहिजे. मांजरेकर यांचे नाव अडवून गोळेश्वरला काहीच मिळणार नाही.

यंदाची मुदत संपण्यापूर्वी मी राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर मांजरेकर यांच्या नावाची शिफारस नोंदवणार आहे. तिथे कार्याची माहिती आठशे शब्दांपर्यंत लिहिता येते. त्यात जडेजा यांच्याबद्दलचे चुकलेले मत, कोलकात्यातील त्यांचे ते बोलणे आणि २०२० चे ते पत्र या तिन्ही गोष्टी मी लिहिणार आहे. ज्या वाचकांना ही शिफारस अयोग्य वाटते, त्यांनी आपली कारणे याच सदरात जरूर मांडावीत; मी ती वाचून मगच अर्ज पूर्ण करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
विश्रामबाग, सांगली