‘नुसत्या बोलण्याचे आठशे रुपये’

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

महोदय,

गेल्या आठवड्यात याच सदरात शाहूपुरीतल्या एका वाचकांचं पत्र आलं होतं. मुलीला समुपदेशनाला नेलं, दोन वेळचे सोळाशे रुपये गेले, ‘गोळी नाही, इंजेक्शन नाही, मॅडम नुसत्या बोलत बसल्या’ असा त्यांचा राग होता. हा ‘नवा धंदा’ कोल्हापुरात फोफावलाय, असंही त्यांनी शेवटी लिहिलं होतं. त्या मॅडम मी नव्हे. पण अकरा वर्षं राजारामपुरीत मी हेच करते, फीही आठशेच घेते, त्यामुळे पत्र माझ्याच नावावर आल्यासारखं वाचलं. ‘धंदा’ म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. दर महिन्याला भाडं भरावं लागतं, म्हणजे धंदाच. ‘फोफावलाय’वर मात्र बोलायचं आहे.

आपल्याकडे धंदा वाढतो तो तोंडी. मिसळ कुठं खायची, चप्पल कुणाकडून घ्यायची, गुडघ्याचं ऑपरेशन कुणाकडं करायचं, सगळं कट्ट्यावर ठरतं. माझ्याकडून बरा होऊन गेलेला माणूस महाद्वार रोडला समोरून आला, की शेजारच्या दुकानात शिरतो. त्याची काही चूक नाही. सोबत बायको असते, मेहुणा असतो, ‘ह्या कोण?’ म्हणून विचारलं तर सांगणार काय? त्यानं ओळख दाखवली नाही तर मीही दाखवायची नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. म्हणजे ज्याचं खरंच भलं झालं, तोच माझ्याबद्दल कुणाला चकार शब्द सांगत नाही. आणि दोन वेळा येऊन चिडून गेलेला पेपरात पत्र लिहितो. अशा धंद्यानं फोफावायचं तरी कसं?

सुरुवातीला मला हे कळत नव्हतं. पहिली जागा मेन रोडवर, मोबाइलच्या दुकानाच्या वर घेतली. हौसेनं लांबरुंद बोर्ड लावला, ‘मानसोपचार व समुपदेशन केंद्र’, रात्री आत लाइट लागणारा. आठ महिन्यांत जेमतेम पंचवीस माणसं जिना चढली. खालचा दुकानदार सांगायचा, “मॅडम, लोक येत्यात की, बोर्डाखाली हुबं ऱ्हात्यात, इकडं-तिकडं बघत्यात आनि माझ्याकडं येऊन चार्जर घेऊन जात्यात.” त्याचा धंदा माझ्यामुळं वाढला असावा. पुढं गल्लीत आतल्या बाजूला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गेले. बोर्ड वहीएवढा, त्यावर नुसतं नाव आणि पदवी. तिथून कामाला लागले. ओळखीचं कुणी जिन्यात भेटलंच, तर ‘दाताला आलोय’ म्हणता येतं. एक आई तर मुलाला घेऊन येताना खालच्या डॉक्टरांची जुनी फाइल हातात धरून यायच्या.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते. (यातल्या सगळ्या माणसांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.) चार वर्षांपूर्वी वेळा एकाला एक लागून द्यायचे. एकदा पाचच्या बाई आत होत्या, बोलणं लांबलं. सहाच्या बाई बाहेरच्या खुर्चीवर. दार उघडलं आणि दोघी समोरासमोर आल्या. एकाच गावातल्या, एकाच वाड्यातल्या चुलत जावा. दोघींच्या बोलण्यात निम्मा वेळ एक जाऊच असायची, हे मला माहीत होतं. पण दोघी एकाच घरातल्या, हे आडनाव वाचूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग धाकटी म्हणाली, “दाढ दुखतीया व्हय?” थोरली म्हणाली, “व्हय.” दोघी एकत्रच जिना उतरल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. त्या दिवसापासून दोन वेळांत वीस मिनिटं मोकळी सोडते. तेवढ्यात पहिलं माणूस बाहेर पडतं, मी नोंदी लिहिते. त्या वीस मिनिटांचे पैसे कुणीच देत नाही, ते त्या आठशेतच असतात.

आता त्या आठशेंचा हिशेब. एक सेशन पन्नास मिनिटांचं. दिवसाला पाच घेते. सहावं घेतलं तर कान ऐकतात, डोकं ऐकत नाही. महिन्याला एकशे दहा वेळा दिल्या, तर त्यातल्या वीस-बावीस फुकट जातात. पाऊस, उरूस, पाहुणे, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल, काहीही कारण. राहिल्या अठ्ठ्याऐंशी. त्यातले पाव लोक अर्ध्या फीवर. जमा होतात साधारण साडेएकसष्ट हजार. भाडं चौदा, मदतनीस ताईंचा पगार बारा, लाइट-फोन-साफसफाई चार, आणि चार हजार माझ्याहून ज्येष्ठ बाईंना, ज्यांच्यासमोर महिन्यातून दोनदा माझ्या केसेस (नावं न सांगता) मांडते आणि कुठं चुकतंय ते ऐकून घेते. हातात राहतात साडेसत्तावीस. एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. आणि अकरा वर्षांचा अनुभव यावर. तक्रार नाही, आकडा सांगितला.

फुकट जाणाऱ्या वेळांवर उपाय म्हणून मध्यंतरी निम्मी फी आधी फोनवरून मागवून बघितली. काय सांगू! “आमच्यावर इस्वास न्हाई व्हय मॅडम?” म्हणून चांगली चांगली माणसं दुखावली. कोल्हापूरकराकडं आगाऊ पैसे मागणं म्हणजे त्याच्या पाहुण्याला चहा नको म्हणण्यासारखं. ते बंद केलं. आता ताई आदल्या संध्याकाळी फोन करतात आणि एवढंच म्हणतात, “उद्या साडेपाचला वेळ आहे हं.” कुठली, कशाची, कुणाकडची, एक अक्षर नाही. फोन घरात कुणीही उचलू शकतं.

‘नुसतं बोलणं’ म्हणजे काय, तेही सांगायला हवं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा एक तरुण. अचानक छातीत धडधड, हातपाय गार, ‘आता गेलो’ असं वाटायचं. सहा महिन्यांत तीनदा इसीजी, तिन्ही नॉर्मल, तरी खिशात सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्यावरची गोळी घेऊन फिरायचा. जिना चढणं सोडलं, बायकोला माहेरी जाऊ देईना. त्याच्या फॅमिली डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याची खात्री करून चिठ्ठी देऊन पाठवला. पहिली तीन सेशन्स बोलण्यातच गेली. चौथ्यात मी त्याला आमच्या जिन्यावर तीन वेळा वर-खाली पळायला लावलं. नाडी एकशे चाळीसवर गेली. घाबरून तो माझ्याकडं बघत होता आणि मी घड्याळाकडं. चार मिनिटांत ती आपोआप खाली आली. खालचे दातांचे डॉक्टर बाहेर येऊन बघून गेले, त्यांना वाटलं मारामारी चाललीय. धडधड म्हणजे झटका नव्हे, हे त्याला मी दहा वेळा सांगून पटलं नसतं, ते त्याच्याच छातीनं त्याला सांगितलं. बाराव्या सेशनला थांबलो. अशा त्रासाला साधारण एवढीच सेशन्स लागतात. खोल मुरलेल्या दुखण्याला जास्त.

दोन सेशन्समध्ये मुलगी ‘होती तशीच’ राहिली, असं आपल्या वाचकांनी लिहिलं होतं. पहिल्या दोन भेटींत आम्ही फक्त दुखणं समजून घेत असतो. मला तर सर्रास विचारतात, “मॅडम, चार बैठकांचं पॅकेज काय?” तालमीत पोराला घातलं की वस्तादाला कुणी असं विचारतं का? तिथं बैठकाच हजारात मारायच्या असतात.

मग काम वाढलं कसं? जाहिरातीनं नाही. फॅमिली डॉक्टरांमुळं. गावात झोप उडालेला, अन्न न जाणारा माणूस आधी त्यांच्याकडंच जातो. माझ्याकडं कुणी चिठ्ठी घेऊन आलं, की त्या माणसाची परवानगी विचारून डॉक्टरांना एका पानाचं उत्तर लिहायला लागले: काय वाटतंय, किती सेशन्स लागतील, गोळ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं का. खासगी गोष्टी त्यात नसतात. एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, “चाळीस वर्षं चिठ्ठ्या पाठवतोय, उलट चिठ्ठी पहिल्यांदा आली.” त्यांच्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत आता दर शनिवारी गडहिंग्लजला बसते. एका दुसऱ्या ठिकाणी मात्र थेट विचारणा झाली, पेशंटमागं तीस टक्के. मी नाही म्हटलं, चिठ्ठ्या थांबल्या. तो तीस टक्के ‘कट’ शेवटी पेशंटच्याच खिशातून गेला असता, हे शाहूपुरीच्या वाचकांना नक्की पटेल.

माणसं वाढवायचाही प्रयत्न करून झाला. शिवाजी विद्यापीठातून एम.ए. झालेल्या दोन हुशार मुली घेतल्या. एम.ए. झालं म्हणजे लगेच समोर पेशंट बसवता येत नाही. वर्षभर शेजारी बसून ऐकायचं, नोंदी लिहायच्या, चुका दाखवून घ्यायच्या. तयार झाल्या आणि दोघी पुण्याला गेल्या. मी असते तर मीही गेले असते.

विम्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 म्हणतो की शारीरिक आजारांइतकाच मानसिक आजारांनाही विमा मिळाला पाहिजे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि माझ्याकडं कुणी दाखल होत नाही. ज्यांना अर्धी फीही जड जाते त्यांना मी सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवते किंवा 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा नंबर देते. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतो. तिकडं माणूस पाठवला म्हणून माझं काही कमी होत नाही. 2019 च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातून इतके फोन आले की एकट्या माणसानं पुरं पडणं शक्यच नव्हतं. त्यातल्या एक आजी अजून येतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर, गेल्याचं मोबाइलवर आलं, की गाव कोरडं असतानाही त्यांचा श्वास अडकतो. त्यांची फी मी तीन वर्षांपूर्वी बंद केली. त्या दर वेळी काकवी आणतात.

एक तक्रार आपल्याकडंही आहे. ज्या पानावर ते पत्र छापलं, त्याच्या मागच्याच पानावर छोट्या जाहिरातींत होतं: ‘नैराश्य, भीती, व्यसन, तीन सेशन्समध्ये खात्रीशीर मुक्ती’. खाली फक्त मोबाइल नंबर. नाव नाही, पदवी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं (आरसीआय) असते, ती कुणालाही तपासता येते. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर असतात. समुपदेशकांना नियमांत आणणारा केंद्राचा कायदा 2021 मध्ये झाला, तरी गल्लीत ‘काउन्सेलर’ अशी पाटी अजून कुणीही लावतो. जाहिरात घेताना पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारला, तर आपला एक कॉलम कमी भरेल, एवढंच.

आणि शाहूपुरीच्या वाचकांना: मुलीला कुणाकडं नेलं होतं, मला माहीत नाही, विचारतही नाही. पुन्हा न्यायचं मनात आलं, तर आत जाण्याआधीच विचारा: शिक्षण काय, नोंदणी आहे का, साधारण किती वेळा यावं लागेल, आणि फी कमी होते का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. आमच्यातल्या बऱ्याच जणांकडं होते. बोर्डावर लिहीत नाही इतकंच.

आपली,
एक मानसशास्त्रज्ञ
राजारामपुरी, कोल्हापूर

ता.क.: नाव छापू नये ही विनंती. छापलं तर पत्राची जाहिरात होईल, आणि जिन्याचंही सगळ्यांना कळेल.