ऑफर लेटर आलं म्हणजे काय झालं

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत आणि मी 'सविस्तर लिहिते' म्हणून वेळ मारून नेली. शेजारच्या काकांच्या मुलाला बी.ई.ला जेमतेम पंचावन्न टक्के, तरी इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर बारा दिवसांत हातात. 'एवढं सोपं असतं का गं?' काकांनी पेढे वाटलेत हे कळल्यावर माझी जीभच रेटेना. पण मग आई म्हणाली की कर्जासाठी ते राहतं घर तारण ठेवणार आहेत. आता गप्प बसणं बरं नाही. अशी पत्रं पाठवणं हेच तर माझं काम आहे.

इथल्या मुलांच्या पदवीच्या फीची कमाल मर्यादा सरकार ठरवतं. २०१२ साली ती वर्षाला ९,००० पौंड झाली, २०१७ ला ९,२५०, आणि त्यानंतर थेट २०२५ मध्ये ९,५३५. तेरा वर्षांत एवढीच वाढ. या काळात वीज, पगार, इमारतींची डागडुजी यांचे दर कुठल्या कुठे गेले. संशोधनाला मिळणारी अनुदानंही पूर्ण खर्च भागवत नाहीत. ही तूट भरून काढतात परदेशी विद्यार्थी. थॅचरबाईंच्या सरकारने १९८० पासून त्यांना पूर्ण खर्चाची फी लावली, आणि पुढे तिला कमाल मर्यादा अशी राहिलीच नाही. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी आपला मुलगा दुपटीने, कधी त्याहून जास्त पैसे भरून बसलेला असतो. अख्ख्या देशातल्या विद्यापीठांच्या उत्पन्नात दर चार-पाच पौंडांमागे एक पौंड या फीचा आहे. काही ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त.

त्यातही एक वर्षाचं मास्टर्स म्हणजे दुभती गाय. बारा महिन्यांत फी वसूल, पुढच्या सप्टेंबरला नवी तुकडी हजर. ऑफर लेटर द्यायला विद्यापीठाला काही पडत नाही. खरी घाई असते ती डिपॉझिटची. ते भरलं की व्हिसासाठी लागणारं 'कॅस', म्हणजे प्रवेश पक्का असल्याचं विद्यापीठाचं पत्र मिळतं. आणि गावातला जो सल्लागार 'एक पैसा घेत नाही' म्हणून काका खूश आहेत, त्याला आम्ही पैसे देतो. मुलगा दाखल झाला की पहिल्या वर्षाच्या फीतला ठरलेला हिस्सा त्याचा. तो सल्ला कोणाच्या बाजूने देणार, हे तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही बाजार समितीत अडत्यांशी वाद घालण्यात उमर घालवलीत.

तुमचा दुसरा प्रश्न होता, हे आपल्याकडच्या एनआरआय कोट्यासारखंच का? बरंचसं. पण आपल्याकडे निदान त्याला कोटा म्हणतात. २००५ च्या इनामदार निकालात सुप्रीम कोर्टाने तो जास्तीत जास्त पंधरा टक्के ठेवला. इथे मेडिकलच्या जागांवर तशी मर्यादा आहे, साडेसात टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक अभ्यासक्रमांना काहीच नाही, आणि 'कोटा' शब्द तर कोणी तोंडातून काढत नाही.

माझ्या घराशेजारच्या आजीबाईंना वाटतं की त्यांच्या नातीची जागा असल्याच कुणा परदेशी मुलाने घेतली. त्यांना समजावताना माझी तारांबळ उडते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून पदवीच्या जागांवरची सरकारी मर्यादाच उठली आहे, आणि परदेशी पैसा नसता तर कदाचित नातीचा विभागच बंद पडला असता. हे मी सांगते, पण पूर्ण खरं वाटत नाही. स्कॉटलंडमध्ये तर त्यांची तक्रार रास्तच ठरली असती. तिथल्या मुलांची फी सरकार भरतं, म्हणून त्यांच्या जागा मोजून दिलेल्या असतात आणि बाहेरच्यांना तशी आडकाठी नाही. तिथे घरचं लेकरू रांगेत उभं राहतं.

पण आजीबाईंपेक्षा मला वेगळंच खुपतं. माझ्यासमोर आपल्याकडच्या शंभर मुलांच्या फाइल येतात, त्या शंभरांत शेतमजुराची पोर कधी नसते. ती अर्जापर्यंत पोचतच नाही. गाळणी आमच्या टेबलावर यायच्या आधीच लागलेली असते, बँकेत सलग अठ्ठावीस दिवस पैसे दाखवता येतात का, व्हिसाच्या या एका अटीने. उरलेल्यांना मग आम्ही गुणवत्तेने निवडल्यासारखं करतो.

बाबा, एक आठवण सांगते, रागावू नका. दादाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी एका कॉलेजने डोनेशन मागितलं. ते घेणं १९८७ पासून कायद्याने गुन्हा आहे, असं त्यांच्या तोंडावर सांगून तुम्ही उठून आलात. दादा डिप्लोमाला गेला. आणि २००९ मध्ये माझं ऑफर लेटर आलं तेव्हा तुम्ही ओढ्याकाठचा तुकडा विकलात. पौंड तेव्हा ऐंशीच्या आतबाहेर होता, आता शंभरच्या कितीतरी वर आहे. ते डोनेशन होतं, ही फी होती. पावती मिळाली, शिक्का होता, वर लॅटिनमधलं बोधवाक्य होतं. दादाने कधी एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही. मलाही फरक सांगता येत नाही, एवढंच.

काकांच्या मुलाला खचवू नका. तो मेहनती आहे, आणि इथे येऊन मार्गाला लागलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. पण काकांना या गोष्टी जरूर सांगा. शिक्षणानंतर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळतात असं सल्लागाराने सांगितलं असेल. १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला दीडच वर्ष मिळणार, आणि याचा कोर्स त्यानंतरच संपतो. 'लग्न करून जा, बायकोला घेऊन जाता येईल' हेही आता नाही. संशोधनाचं नव्हे तर वर्गात शिकून करायचं मास्टर्स घेणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही. त्याच नियमाने अर्ज घटले आणि आमच्याकडे नोकरकपातीचं पत्र फिरलं. माझ्या समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. म्हणजे तुमच्या लेकीचा पगार कुणाच्या तारण घरावर चालतो ते बघा.

त्याला म्हणावं, डिपॉझिट भरायच्या आधी मला फोन कर. रविवारी दुपारी दीडला मी मोकळी असते, तुमच्याकडे सात वाजलेले असतील. कोर्सचं नाव आणि विद्यापीठाचं पत्र समोर घेऊन बस म्हणावं, सल्लागाराचं रंगीत पुस्तक नको. मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलेन कदाचित, पण त्याच्याशी खोटं बोलणार नाही.

आई, गोधडी पाठवू नकोस, टपालाचा खर्च गोधडीपेक्षा जास्त होतो. दिवाळीला येईन तेव्हा घेऊन जाईन. गुडघ्याचं तेल लावतेस ना?

आणि बाबा, ओढ्याकाठच्या तुकड्याचा सातबारा आता कुणाच्या नावावर आहे? सोळा वर्षांत विचारायचा धीर झाला नाही.

तुमची
थोरली