बेकीताई, 219 मॅच आणि शून्य गोल... मनापासून थँक्यू

प्रिय बेकीताई,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही बहुतेक, आणि पोचलं तरी मराठी तुला वाचता यायचं नाही, पण 2024 च्या डिसेंबरमध्ये तू रिटायर होतेयस असं वाचलं तेव्हापासून हे डोक्यात आहे आणि दर वेळी चार ओळी लिहून राहून जातं. आज पूर्ण करूनच उठायचं असं ठरवलंय. ताई म्हणतेय कारण नुसतं बेकी म्हणायला जीभ रेटत नाही. आपली एकदाही भेट झाली नाही पण मोठ्या बहिणीने धाकटीला शिकवावं तसं मी तुझ्याकडून शिकलेय.

इथे वाचणाऱ्या ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बेकी सॉवरब्रन म्हणजे अमेरिकेच्या महिला फुटबॉल टीमची सेंटर बॅक, म्हणजे आपल्या गोलपुढे मधोमध उभी राहून बचाव करणारी, जर्सीचा नंबर चार. दोन वर्ल्ड कप, 2015 आणि 2019, त्याआधी 2012 च्या लंडन ऑलिम्पिकचं गोल्ड. देशासाठी 219 मॅच खेळली आणि त्यात गोल किती तर शून्य. बरोबर वाचलंत, एकही नाही. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दोनदा तपासून बघितला आणि मग का कोण जाणे, डोळे भरून आले.

कारण ताई, मी पण सेंटर बॅकच. मला कोणी विचारून केलं नाही, उंची बघितली आणि कोच म्हणाले तू मागे. मला स्ट्रायकर व्हायचं होतं, सगळ्यांनाच व्हायचं असतं. मागे उभं राहायचं म्हणजे आपल्याला खेळता येत नाही म्हणून बाजूला ठेवलंय असंच वाटायचं तेव्हा. मॅच जिंकली की फोटोत गोल मारणारी मधे, आणि हरलो की सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळणार.

आणि मग तो सेल्फ गोल. कॉलेजची सेमी फायनल, शेवटची दहा-बारा मिनिटं राहिलेली, स्कोअर शून्य-शून्य. डावीकडून क्रॉस आला, म्हणजे कडेने गोलसमोर मारलेला बॉल, मी आपल्याच गोलकडे तोंड करून धावतेय, मागे कोण आहे बघितलंच नाही, घाईत पाय घातला आणि बॉल नडगीला लागून सरळ आत. आमची कीपर दुसऱ्या बाजूला झेपावलेली. तेवढ्या एका गोलवर आम्ही हरलो. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आणि एक सीनियर मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, नुसतं मागे उभं राहायचं तेही जमेना. घरी येऊन बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले.

हे 2015 चं. त्याच वर्षी कॅनडात वर्ल्ड कप होता आणि झोप लागत नव्हती म्हणून जर्मनीबरोबरची सेमी फायनल बघत बसले, आपल्याकडे पहाटे साडेचारला होती. सेकंड हाफमध्ये स्कोअर शून्य-शून्य असताना तुझी पार्टनर ज्युली जॉन्स्टन हिने बॉक्समध्ये फाउल केला, पेनल्टी. मला तर माझीच मॅच डोळ्यापुढे आली. जर्मनीच्या सेलिया शाशिचने ती बाहेर मारली आणि पुढे तुम्ही 2-0 जिंकलात. मग जपानबरोबरची फायनल, परत पहाटे साडेचार. पहिल्या 16 मिनिटांत 4-0, कार्ली लॉइडची हॅटट्रिक, सगळं जग तिच्याबद्दल बोलत होतं आणि बरोबरच आहे ते. पण माझ्या लक्षात राहिलंय ते 52 वं मिनिट. जपानची फ्री किक आली आणि ज्युलीच्या डोक्याला लागून बॉल आपल्याच गोलमध्ये. सेल्फ गोल, वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये! जपानने एक आधीच मारलेला, आता स्कोअर 4-2, आणि समोर जपान, ज्यांनी 2011 च्या फायनलमध्ये मागून येऊन तुम्हाला हरवलेलं. दोनच मिनिटांत टोबिन हीथने पाचवा मारला हे खरं, पण त्यानंतरची सगळी मिनिटं मी फक्त तुमच्या दोघींकडे बघत होते. जपानला परत एकही गोल करू दिला नाहीत, आणि ज्युली शेवटपर्यंत तुझ्या शेजारीच खेळत होती. मॅच संपली आणि मी माळ्यावरून पिशवी काढली. घरचे झोपलेले, स्टूलचा आवाज होऊ नये म्हणून चादर खाली टाकली होती एवढं आठवतंय.

नंतर बसून हिशोब केला. पहिल्या मॅचमध्ये ऑस्ट्रेलियाने 27 व्या मिनिटाला गोल मारला आणि त्यानंतर फायनलमध्ये जपानने मारला तो पण 27 व्याच मिनिटाला. मधली 540 मिनिटं तुमच्यावर एकही गोल नाही. आणि तू त्या वर्ल्ड कपच्या सातही मॅच पूर्ण खेळलीस, एक मिनिट बाहेर बसली नाहीस. गोलच्या यादीत नाव नसलेली बाई अख्खी स्पर्धा धरून ठेवते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मग मी तुझ्या मॅच थांबवून थांबवून बघायला लागले, बॉल सोडून फक्त तुला. तू काही सगळ्यात फास्ट नाहीस, पण स्ट्रायकर अंगावर आली की तू कधी सरळ छाती करून उभी राहत नाहीस, अंग अर्धं वळलेलं, एक पाय मागे, आणि तिच्याच वेगाने मागे मागे सरकत तिला साइडलाइनकडे घेऊन जातेस. पाय घालत नाहीस. तिचा एक टच जरा लांब पडेपर्यंत थांबतेस आणि मग बॉल उचलून घेतल्यासारखा घेतेस, स्लाइड नाही, धक्का नाही, शॉर्ट्सला माती पण लागत नाही. मी तोपर्यंत प्रत्येक बॉलला झेप घ्यायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे, म्हणून ते बरोबर आहे असं वाटायचं. दुसरं म्हणजे तुझी मान. बॉल तुझ्याकडे यायच्या आधी तू सारखी खांद्यावरून मागे बघत असतेस. मी घरी प्रॅक्टिस केली, भिंतीवर बॉल मारायचा, तो परत येईपर्यंत मागे वळून भावाने किती बोटं दाखवलीयत ते ओरडून सांगायचं आणि मग बॉल कंट्रोल करायचा. पहिले काही दिवस बॉल तरी निसटायचा नाहीतर बोटं तरी चुकायची, भाऊ कंटाळून जायचा. साधारण दोन महिन्यांनी दोन्ही जमायला लागलं. मागे कोण आहे हे त्या सेमी फायनलच्या दिवशी बघितलं असतं तर... असो.

तुझं करिअर नीट वाचलं तेव्हा तर अजूनच जवळची वाटलीस. जानेवारी 2008 ला चीनमधल्या स्पर्धेत कॅनडाविरुद्ध पहिली इंटरनॅशनल मॅच आणि त्यातच नाक मोडलं. मग 2010 पर्यंत टीमच्या बाहेर. 2011 च्या वर्ल्ड कपमध्ये बेंचवर, तुमच्या डिफेन्डर रेचल ब्यूलरला रेड कार्ड मिळालं म्हणून फ्रान्सबरोबरच्या सेमी फायनलला एकदम तुला उतरवलं, 3-1 जिंकलात, आणि फायनलला परत बेंच. मला नाही वाटत मी ते सहन केलं असतं. क्लबचं पण तेच, तू खेळत होतीस ती लीग 2012 मध्ये बंद पडली, नंतर कॅन्सस सिटीला दोनदा चॅम्पियन केलंस तर 2017 नंतर तो क्लबच बंद. मग युटा, मग पोर्टलंड, तिथे 2022 ला परत चॅम्पियन. लीगची बेस्ट डिफेन्डर चार वेळा.

आणि पैशाचं. मार्च 2016 मध्ये तुम्ही पाच जणींनी सारख्या कामाला सारखे पैसे द्या म्हणून तक्रार दाखल केलीत, तू, कार्ली लॉइड, ॲलेक्स मॉर्गन, मेगन रपिनो आणि होप सोलो. तेव्हा आम्ही मुलींनी मुलांच्या टीमच्या जुन्या जर्सी घालायच्या आणि ग्राउंड त्यांचं झालं की मिळायचं, म्हणजे अंधार पडत आल्यावर. ती बातमी वाचून मी अर्ज लिहिला. सह्या मागायला गेले तर बऱ्याच जणींनी नको बाई म्हटलं, शेवटी मिळाल्या पाचच. पाच बघून मला केवढं बळ आलं! आठवड्यातून दोन दिवस उजेडातलं ग्राउंड मिळालं आम्हाला, जर्सी मात्र त्याच राहिल्या. तुमची लढाई कितीतरी लांबली, 2019 ला महिला दिनाच्या दिवशी 28 जणींनी कोर्टात केस टाकली, 2020 मध्ये जजने पगाराचा मुद्दाच काढून टाकला, तरी सोडलं नाहीत आणि 2022 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरवर समझोता झाला, त्याच वर्षी पुरुष आणि महिला टीमला सारखे पैसे देणारा करार पण झाला. तू तेव्हा खेळाडूंच्या युनियनची अध्यक्ष होतीस. दिवसा ट्रेनिंग आणि नंतर वकिलांच्या मीटिंगा, कसं केलंस गं?

आता जे सांगायला बसलेय ते. 2019 ची इंग्लंडबरोबरची सेमी फायनल, 2-1 ने पुढे, शेवटची काही मिनिटं, आणि बॉक्समध्ये तुझाच पाय त्यांच्या एलन व्हाइटला लागला. रिप्ले बघून पेनल्टी दिली. इतकी वर्षं पाय न घालणारी तू! तुमची कीपर अलिसा नेहर हिने पेनल्टी अडवली आणि तुम्ही फायनलला गेलात. पाच दिवसांनी नेदरलँड्सबरोबर तू परत तिथेच उभी, डोक्याला लागलं, रक्त आलं, पट्टी बांधून परत खेळलीस आणि 2-0, एकही गोल होऊ दिला नाहीत.

मी आता रविवारी लहान मुलींना शिकवते. मागच्या महिन्यात आमच्या बारा वर्षांच्या सेंटर बॅकने पेनल्टी दिली, गोल झाला, आणि हाफ टाइमला ती तोंड फिरवून बसली, पाणी पण घेईना. तिच्या शेजारी बसून तुझी ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, पण मग पुढच्या मॅचला तिला खेळवलं का? म्हटलं, खेळवलं ना, फायनल होती. तिचा नंबर काय होता? चार.

आमच्याकडे चार नंबरची जर्सी एकच आहे, मोठ्या मुलींच्या मापाची. ती आता तिनेच घेतलीय, गुडघ्यापर्यंत येते, बाह्या सारख्या वर सरकवत असते, पण दुसरी घालायला तयार नाही.

थँक्यू ताई. खूप खूप थँक्यू.

तुझीच,
एक सेंटर बॅक