हरणीला सांभाळणाऱ्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे काही महिन्यांसाठी दिलेली आमची घोडी हरणी सुखरूप घरी परत आली, तिच्या पाठीवर मी पुन्हा मांड ठोकली आणि तिची चाल, तिचा स्वभाव, तिची नजर सगळे जसेच्या तसे असल्याची खात्री झाली, म्हणून आज हे पत्र लिहीत आहे. आपले आभार मी समोरासमोर मानलेच आहेत. तरीही हे जाहीरपणे लिहावेसे वाटले, कारण फलटण-बारामती भागातील बरीच घोडेवाली मंडळी मला विचारतात की, इतकी तेज घोडी परक्या स्वाराच्या हाती देण्याचे धाडस कसे केले आणि ती न बिघडता परत कशी मिळाली. त्या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी आपल्या वागण्यात आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर दुचाकीच्या अपघातात माझे मांडीचे हाड मोडले. दिवाळीपर्यंत घोड्यावर बसायचे नाव काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले. हरणी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणलेली कुमेत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, मारवाडी घोडी आहे. कानांची टोके एकमेकांना भिडलेली, रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी झपझप चाल, जन्मजात, आणि अंगात इतकी वीज की स्वाराच्या पोटरीचा नुसता भार बदलला तरी ती पुढे झेपावते. ती नाठाळ नाही, चावत नाही, लाथ मारत नाही. पण तिला रोज काम लागते. अशा जनावराला पुरी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, देऊन ठाणावर नुसते बांधून ठेवले आणि मग एके दिवशी अचानक पळवले, तर पाठीचे आणि पुठ्ठ्यांचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी काळपट होते आणि प्रसंगी घोडे हातचे जाते. चंदी तोडून नुसते बांधून ठेवले, तर ते गव्हाण चावू लागते किंवा जागच्या जागी झुलत राहते, आणि एकदा लागलेली ही खोड सहसा सुटत नाही.

मला सल्ले पुष्कळ मिळाले. कोणी विकायला सांगितले, तर कोणी वरातीसाठी भाड्याने द्यायला. बँडच्या आणि डीजेच्या दणदणाटात, फटाक्यांच्या धुरात, रोज नवा अनोळखी माणूस पाठीवर घेऊन हरणी उभी राहील ही कल्पनाच मला सहन झाली नाही. त्याच सुमारास आपल्या घोड्याच्या पुढच्या पायाच्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) इजा झाल्याचे आणि त्याला कित्येक महिने विश्रांती द्यावी लागणार असल्याचे मला समजले. एकीकडे स्वाराविना घोडी आणि दुसरीकडे घोड्याविना स्वार अशी स्थिती होती. तरीही आपण मागणी घेऊन आला नाहीत. घोडी मला पसंत करते का, ते आधी बघू द्या, असे म्हणालात.

पहिल्या भेटीत आपण खोगीर गाडीतून खाली उतरवलेच नाही. हरणीच्या डाव्या खांद्याशी उभे राहून खरारा केलात, चारी खूर उचलून पाहिलेत आणि मग तोंडावरच्या मोहरकीला दोर लावून तिला नुसते चालवत राहिलात. पुढच्या खेपेला खोगीर आणले, तेव्हा ते तिला हुंगू दिलेत. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती पोट फुगवते हे मी सांगण्याआधीच आपल्या ध्यानात आले होते. एक भोक आवळायचे, दहा पावले चालवायचे, मग पुढचे भोक, अशा रीतीने आपण तंग बांधलात. रिकिबीत पाय पडताच निघण्याची तिला सवय होती. त्यासाठी आपण लगाम खेचला नाही की चाबूक दाखवला नाही. ती हलली की आपण पाय काढून घ्यायचात, ती थांबली की पुन्हा ठेवायचात. भिंतीला टेकून कुबड्यांवर उभा असलेला मी ते पाहत होतो आणि माझी निम्मी चिंता तिथेच मिटली.

लेखी करारही आपल्याच आग्रहाने झाला. सुरुवातीला मला तो परकेपणाचा वाटला. आज मात्र घोडे देणाऱ्या-घेणाऱ्या प्रत्येकाने तसा करावा असे माझे ठाम मत आहे. चंदी-चारा, नालबंदी आणि लसींचा खर्च आपला, मोठ्या आजाराचा आणि विम्याचा खर्च माझा. आपल्याखेरीज दुसऱ्या कोणीही तिच्यावर बसायचे नाही. तिला वळू घोडा दाखवायचा नाही. मी फोनवर सापडलो नाही तर उपचारांचा निर्णय आपण घ्यायचा. आणि दोघांपैकी कोणालाही नको वाटले तर आठ दिवसांच्या सूचनेवर घोडी परत. गाडीत चढवण्यापूर्वी ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी करून घेण्याचे कलमही आपणच घातले, कारण हा रोग माणसालाही होतो आणि आपल्या तबेल्यात इतरही घोडी होती.

दुसऱ्याच्या घोड्यावर स्वारी करणे आपल्या मुलखाला नवे नाही. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येत असे, तर बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळत असे आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागत असे. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात बजावले आहे की, पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उडवले आणि पुढे घोडी मेली, तर ती तुम्हीच मारली असे होईल. ताई, तो जाब आपण मनापासून मानलात. हरणीसोबत आपण आमच्या इथला कडबा आणि लसूणघास नेलात, नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा मिसळत वाढवलात, आणि ती रुळेपर्यंत आमचाच लगाम वापरलात. पावसाळ्यात घोडमाशा सर्रा हा रक्तातला तापाचा रोग पसरवतात म्हणून ठाणाला जाळी बसवलीत, रोज ताप मोजलात आणि खूर कोरडे राहावेत म्हणून खालचे तूस दररोज बदललेत.

जुलैमधील ती रात्र मी विसरणार नाही. हरणीने संध्याकाळची चंदी टाकली होती, ती पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून पाहत होती आणि पुढच्या पायाने जमीन उकरत होती. आपण जबड्याखालची नाडी मोजलीत, ती पन्नाशीच्या वर होती. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. आपण लगेच पशुवैद्यांना बोलावलेत आणि त्यानंतरचा पहिला फोन मला केलात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ म्हणजे जिवावरचे दुखणे. डॉक्टरांनी नाकातून जठरात नळी घातली, औषध दिले, आणि पहाटे लीद पडली तेव्हा आपण मला पुन्हा फोन केलात. मालकाला सकाळी बरी बातमी सांगू, तोवर गप्प राहू, असा विचार अनेकजण करतात आणि तो चांगुलपणानेही करतात. आपण तो केला नाहीत. दूर अंथरुणावर पडलेल्या माणसाला आपल्या जनावराचे खरे काय चालले आहे हे कळणे, याहून मोठा दिलासा नाही.

स्पर्धेबद्दलही लिहिलेच पाहिजे. ज्या शर्यतीसाठी आपण इतके महिने तयारी केली होती, तिच्या आदल्या दिवशी हरणीच्या पुढच्या उजव्या खुराला हाताला जाणवेल इतपत ऊब लागली, म्हणजे आत काही दुखत असण्याची शंका. ती लंगडत नव्हती. नाव नोंदवलेले होते, पैसे भरलेले होते, आणि मी काही ते पाहायला येणार नव्हतो. आपण नाव मागे घेतलेत, नालबंदाला बोलावलेत, आणि मला कळवताना त्याची एका वाक्यापलीकडे चर्चाही केली नाहीत. घोडा आपला स्वतःचा असता तरी हे सोपे नव्हते.

परत आलेली हरणी आता रिकिबीत पाय ठेवल्यावर उभी राहते आणि मान मोकळी सोडून चालते. पण माळावर पोहोचताच तिचे कान भिडतात आणि ती पूर्वीसारखीच चौखूर निघते. अनेक शिकवणारे घोड्याला शांत करण्याच्या नावाखाली त्याचा कणा मोडतात. आपण तिला धीर शिकवलात आणि तिचे पाणी तसेच राहू दिलेत. यासाठी मी आणि माझे सारे घर आपले ऋणी आहोत.

आपल्या घोड्याची कंडरा हळूहळू भरत आहे असे परवा आपण म्हणालात. हिवाळ्यात तो कामाला आला नाही, तर संकोच न करता कळवा. करार कपाटात आहे, त्यावर फक्त तारखा बदलायच्या आहेत.

आपला स्नेहांकित,
हरणीचा मालक