नगरचे काका आणि गोठलेला कालवा

ओटावा, जानेवारीअखेर

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझी वसतिगृहातली मैत्रीण पुढच्या महिन्यात पुण्याहून विनिपेगला येणार आहे, तिने आजवर बर्फ फक्त शीतकपाटात पाहिलेला आहे, आणि तिला काय काय दाखवावे याची तू तासागणिक यादी केली आहेस, हे परवा फोनवर कळले. यादी ऐकताना मी फारसे बोललो नाही, कारण फोनवर सांगितलेले सल्ले कोणी ऐकत नाही, असा माझा अनुभव आहे. नगरचे काका नाताळच्या सुट्टीत आले ते गेल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे होते. त्यांना भर हिवाळ्यात हे शहर कसे दाखवले, ते सविस्तर लिहितो. त्यातले तुला जे घ्यावेसे वाटेल ते घे.

पाहुण्याला पहिल्या दिवशी कोणतेही स्थळ दाखवू नये, फक्त कपडे द्यावेत. काका विमानतळावर उतरले तेव्हा त्यांच्या अंगात दिल्लीहून मुद्दाम घेतलेले जाडजूड जाकीट होते आणि त्याच्या आत सुती बनियन व सुती शर्ट होता. आपल्याकडून येणारा प्रत्येक माणूस असाच येतो, कारण थंडी म्हणजे जाड कपडा, इतकेच आपल्याला ठाऊक असते. सुती कापड घाम शोषून धरते आणि ओलेच राहते, म्हणून चार पावले भराभर चालून माणूस थांबला की तो ओलावाच त्याला गारठवतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घट्ट थर, मधे ऊब धरणारा सैल थर आणि बाहेर वारा अडवणारा थर, असे तीन पातळ थर एका जाड जाकिटापेक्षा जास्त उपयोगी पडतात. हातमोजे सुट्या बोटांचे देऊ नकोस. चार बोटे एकत्र राहिली की ती एकमेकांना ऊब देतात. बूट एक माप मोठे असावेत, कारण आत जाड मोजे घालून पाय आवळला गेला तर रक्त खेळत नाही आणि बोटे आधी बधिर होतात.

वाऱ्याचा हिशोबही पहिल्याच दिवशी समजावून दे. तापमान उणे 20 असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे 33 सारखी लागते, आणि तेवढ्या थंडीत दहा ते तीस मिनिटांत कातडी गोठू शकते. काकांना आकड्यांची भाषा पटकन कळते, म्हणून मी त्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवला. त्यानंतर कानटोपी घाला असे त्यांना पुन्हा सांगावे लागले नाही. तुझ्या मैत्रिणीला कोणती भाषा कळते ते तुला ठाऊक असेल.

दिवसाला एकच ठिकाण, हा नियम मी घालून घेतला होता. डिसेंबरच्या शेवटी येथे सकाळी पावणेआठच्या सुमारास उजाडते आणि सव्वाचारनंतर सूर्य मावळतो. त्या थोड्या उजेडातही प्रत्येक वेळी घराबाहेर पडायला कपडे चढवण्यात आणि परत आल्यावर ते उतरवून वाळत घालण्यात बराच वेळ जातो. गारठ्यात शरीर नुसते उभे राहूनही थकते. पाहुणा संकोचाने ते सांगत नाही आणि यजमान उत्साहाने ते पाहत नाही. शिवाय गरम केलेल्या घरांतली हवा इतकी कोरडी असते की काकांच्या ओठांना भेगा पडल्या आणि दाराच्या मुठीला हात लावला की त्यांना विजेचा बारीक झटका बसू लागला; तेव्हा पाण्याचा तांब्या आणि व्हॅसलिन त्यांच्या उशाशी ठेवले.

या नियमावरून तुझ्या आईचे आणि माझे थोडे वाजले. नायगारा न दाखवता पाहुण्याला परत कसे पाठवायचे, असा तिचा प्रश्न होता, आणि काकांनीही नगरला चार जणांना तो धबधबा पाहून येतो असे सांगून ठेवले होते. येथून नायगारा पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. कोरड्या रस्त्यावर जे अंतर सहा तासांत कापता येते, तेच हिमवादळात किती तास घेईल याचा भरवसा नसतो. माझे मत तुला माहीत आहे: आपली मंडळी पाहुण्याला मोटारीत बसवून आठवड्यात चार शहरे फिरवतात आणि पाहुणा सारा देश धुरकटलेल्या काचेतून पाहतो. शेवटी काकांनीच निकाल दिला की धबधबा उन्हाळ्यातही पडतो, तेव्हा तो पुढच्या खेपेला पाहू.

मग काय दाखवले? थंडीने अडवलेले शहर आपले रोजचे काम कसे चालू ठेवते, ते दाखवले. काकांची हयात पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षे प्रवरेच्या कालव्यांवर, त्यामुळे देखाव्यापेक्षा व्यवस्थेकडे त्यांचे डोळे आधी वळतात. पहिला मोठा हिमवर्षाव झाला त्या पहाटे ते माझ्याआधी उठून खिडकीत उभे होते. आधी मोठे रस्ते, मग बसचे मार्ग आणि शेवटी आपल्यासारख्या गल्ल्या, या क्रमाने नांगर लावलेल्या गाड्या फिरतात. साचलेले हिम यंत्राने उचलून ट्रकमध्ये उडवले जाते आणि ठरावीक जागी त्याचे डोंगर रचले जातात. मीठ टाकले की बर्फ वितळतो, पण तापमान फार खाली गेले की मीठही निरुपयोगी होते आणि मग नुसती बारीक खडी पसरतात. हे सर्व पाहून त्यांनी विचारले की, एवढे हिम एका जागी साठवले तर वसंतात ते पाणी कोठे जाते? येथे पंचवीस वर्षे राहून मला हा प्रश्न पडला नव्हता. न्याहारीनंतर नांगराने आपल्या दाराशी लोटून ठेवलेला बांध त्यांनी फावड्याने स्वतः फोडला आणि कोणाला हात लावू दिला नाही.

खरा आनंद त्यांना रिडो कालव्याने दिला. तुला तो इतका परिचयाचा आहे की त्याचा इतिहास तू कधी विचारला नसशील. 1812 च्या युद्धानंतर, अमेरिकेने पुन्हा हल्ला केला आणि सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग तोडला तर मॉन्ट्रियलहून किंग्स्टनला रसद कशी न्यावी, या चिंतेतून ब्रिटिशांनी ओटावा ते किंग्स्टन असा हा 202 किलोमीटरचा जलमार्ग बांधायला घेतला. कर्नल जॉन बाय या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली 1826 ते 1832 या काळात तो पूर्ण झाला. त्या कामाच्या छावणीभोवती जे गाव वसले त्याला बायटाउन म्हणत, आणि तेच पुढे 1855 मध्ये ओटावा झाले. एका थेंबानेही शेत भिजवण्यासाठी न काढलेला कालवा, ही कल्पनाच काकांना विचित्र वाटली. शातो लॉरिये या जुन्या हॉटेलच्या शेजारी, जेथे कालवा ओटावा नदीत उतरतो, तेथे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले आठ दगडी हौद पायऱ्यांसारखे बांधलेले आहेत आणि त्यांतून नौका सुमारे 24 मीटर उतरते किंवा चढते. हौद हिमाने भरलेले होते, तरी काका कठड्याला धरून एकेका दरवाजाचे कोन न्याहाळत राहिले.

तेथेच बांधकामावर मेलेल्या मजुरांच्या स्मरणार्थ एक केल्टिक क्रूस उभा आहे. सुमारे हजार माणसे या कामावर दगावली आणि त्यांतली निम्मी तरी हिवतापाने गेली, हे मी सांगितले तेव्हा काका माझ्याकडे बघतच राहिले. उणे 18 मध्ये उभे राहून या भूमीवर हिवतापाने माणसे मेली हे खरे वाटणे कठीणच आहे. पण येथला उन्हाळा दमट असतो, आणि किंग्स्टनकडच्या दलदलीत ते मजूर उन्हाळाभर कंबरभर पाण्यात खोदत होते. यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी भंडारदऱ्याच्या जुन्या कामगारांविषयी ऐकलेल्या हकिकती सांगितल्या, त्या मी तुला समक्ष सांगेन.

हिवाळ्यात याच कालव्याचे 7.8 किलोमीटर लांबीचे स्केटिंगचे मैदान होते, आणि ते आपोआप होत नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पाणी उतरवतात. तळ उघडा असताना उतरायचे जिने आणि बूट बदलण्याच्या खोल्या जागेवर बसवतात. मग दरवाजांच्या जागी तुळया टाकून पाणी हव्या त्या पातळीला अडवतात. काका ताबडतोब म्हणाले, “म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगेच की हे!” पाणी गोठू लागल्यावरची गोष्ट त्यांना अधिक रोचक वाटली. हिम म्हणजे गोधडी. ती बर्फावर पडली की वरची थंडी खालच्या पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून सुरुवातीलाच जोराचा हिमवर्षाव झाला तर बर्फाची वाढ खुंटते. कामगार ते हिम बाजूला सारतात, बर्फाला भोके पाडून खालचे पाणी पंपाने पृष्ठभागावर पसरतात आणि ते गोठले की थर जाड होतो. किमान 30 सेंटिमीटर जाडीचा चांगला बर्फ झाला, की लाल निशाण उतरून हिरवे चढते. 1970-71 च्या हिवाळ्यापासून चालत आलेल्या या प्रथेत 2022-23 चा हिवाळा असा गेला की कालवा एक दिवसही उघडला नाही. असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते.

यंदा जानेवारीत पहिला टप्पा उघडला तेव्हा आम्ही सकाळीच गेलो. पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि पायात स्केट घालून कचेरीला निघालेली माणसे पाहून काकांना फार गंमत वाटली. त्यांनी स्वतः स्केट घालण्याचा आग्रह धरला नाही, मीही केला नाही. पासष्टीनंतर मनगट मोडून घेण्यात शौर्य नाही. आम्ही कडेकडेने, पाय सपाट टाकत आणि गुडघे किंचित वाकवून चालत गेलो. तुझ्या मैत्रिणीलाही आधी हे चालणे शिकव, बाकी खेळ नंतर. वाटेत बीव्हरटेल खाल्ले. तळलेल्या पसरट पुरीवर दालचिनी, साखर आणि वर लिंबू पिळलेला प्रकार त्यांना आवडला, पण तळण्याचे तेल तपासण्याची त्यांची सवय येथेही सुटली नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. संसदेची मधली इमारत दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे पश्चिमेच्या इमारतीतले काचेच्या छताखालचे सभागृह पाहिले. आवारातली शताब्दी ज्योत पाण्यातून वर येणाऱ्या गॅसवर जळते आणि तिच्या उबेने भोवतीचे पाणी गोठत नाही, तेथे त्यांनी हात शेकून घेतले. नदीपलीकडच्या इतिहास संग्रहालयात मूळ रहिवाशांनी कोरलेल्या उंच टोटेम खांबांच्या दालनात आम्ही अर्धा दिवस काढला, कारण बाहेर वादळ होते आणि आतली बाके चांगली होती. राष्ट्रीय कलादालनात मात्र ते लवकर कंटाळले. हिमाची चित्रे पाहण्यापेक्षा बाहेर खरे हिम आहे ते पाहू, हे त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

आता तुझ्या यादीविषयी. विनिपेगची थंडी येथल्यापेक्षा कडक, पण कोरडी आणि उन्हाची असते, तेव्हा मैत्रिणीला सकाळी अकरा ते दोन या वेळातच बाहेर ने. असिनिबॉइन आणि रेड या नद्या जेथे मिळतात त्या फोर्क्सपाशी गोठलेल्या नदीवर वाट उघडली असेल तर सर्वांत आधी तीच दाखव, आणि वाटेवर वास्तुरचनाकारांनी बांधलेल्या उबेच्या खोपट्यांत थांबत थांबत जा. जेथे थांबता येते तेथेच पाहुणा प्रश्न विचारतो. मानवी हक्क संग्रहालय जवळच आहे, ते वाईट हवेच्या दिवसासाठी राखून ठेव. सेंट बोनिफेसमधला व्हॉयाजर हा हिवाळी उत्सव तिच्या मुक्कामात येत असेल, तर त्या दिवशी यादीत दुसरे काहीही ठेवू नकोस. दोनशे किलोमीटरवरचे ते गोठलेले सरोवर मात्र खोडून टाक. परतताना अंधार होईल आणि तुला त्या रस्त्यावर रात्री गाडी चालवण्याची सवय नाही.

आईने काकांसाठी घेतलेले लोकरीचे दोन थर धुऊन ठेवले आहेत. ते तुझ्या मैत्रिणीला सैल होतील, पण मधल्या थराला सैलच चालते. तिच्या बुटांचे माप या रविवारपर्यंत कळव, म्हणजे तुझे जुने बूट तिला येतात का ते पाहून सोमवारी सर्व एकत्र टपालाने पाठवता येईल.

तुझे,
बाबा