वही घेऊन गावोगाव हिंडलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. माझंही लिहीत नाही. आपल्याला एचआयव्ही आहे हे कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, असं एचआयव्ही कायद्याचं कलम 8 सांगतं. ते तुम्हीच मला पाठ करून घेतलंत. तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातली, कोरडवाहू कापूसवाल्या गावची एक बाई, एवढी ओळख पुरे.

मार्चमध्ये आमच्यासारख्यांसाठी गावोगाव फिरण्याचा संस्थेसोबतचा तुमचा करार संपला आणि पुढचा आलाच नाही. निरोपाचा कार्यक्रमही झाला नाही. ऑफिसचं भाडं थकलेलं, तिथे शाल-श्रीफळाचं कोण बघणार? तुम्ही कपाटाची किल्ली दिली, रजिस्टरं मोजून दिली आणि चार वाजताच्या एसटीने मुलाकडे अमरावतीला गेलात. जे तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहिते, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते.

आमच्यातले लोक आभार मानतात ते डॉक्टरांचे, समुपदेशकांचे, एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरच्या सिस्टरचे. मानायलाच हवेत. पण गोळ्यांची बाटली त्या खिडकीपर्यंत कशी आली आणि खिडकीवर मला हाकलून देता येत नाही हे कोणी ठरवलं, हे फार थोड्यांना माहीत आहे. सरकारला एक दिवस दया आली असावी, असाच बहुतेकांचा समज.

माझ्या बाळंतपणाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठं 'एचआयव्ही' लिहिलं होतं, बाजूच्या खाटेवरच्या बाईच्या सासूनेही वाचलं. ड्युटीवरची सिस्टर म्हणाली, "हातमोजे नाही आहेत बाप्पा, हिले नागपूरले घेऊन जा." मला कळा येत होत्या. तुम्ही गाडी केलीत, मला दुसरीकडे पोचवलंत, पोरगी झाली, सुखरूप झाली. तुम्ही मात्र चार दिवसांनी त्याच दवाखान्यात परत गेलात आणि त्या सिस्टरशेजारी बसून तिचं म्हणणं लिहून घेतलंत. तिच्या वॉर्डात हातमोज्यांचा डबा किती दिवसांपासून रिकामा आहे, सुई टोचली तर तिने कुठे जायचं, हे तिला कोणी सांगितलंय का. मला राग आला होता. मला हाकलणाऱ्या बाईची कैफियत तुम्ही माझ्याच वहीत, माझ्या पानासमोरच्या पानावर लिहीत होता!

आज कायदा उघडला की ती दोन्ही पानं आत सापडतात. कलम 3 म्हणतं, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येणार नाहीत. कलम 19 म्हणतं, जिथे कर्मचाऱ्याला संसर्गाचा धोका आहे तिथे सुरक्षेची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि सुई टोचली तर लगेच घ्यायची औषधं देणं ही त्या संस्थेची जबाबदारी. नुसती शिक्षेची भाषा केली असती तर सिस्टरांनी वेगळी कारणं शोधली असती. डबा भरलेला असला की कारणच उरत नाही.

ही कलमं तुमच्या वहीतून उचलली असं मी म्हणणार नाही. तुम्हीच हसाल. तशा वह्या देशभर भरत होत्या. गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना 1989 मध्ये रक्तात विषाणू सापडला म्हणून एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात कोंडून ठेवलं, त्यावर लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. पुढे 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. माणूस कामाला धडधाकट असेल तर केवळ एचआयव्हीमुळे त्याची नोकरी नाकारता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. त्याला नाव लपवून लढू दिलं गेलं. निकालपत्रात तो नुसता 'एमएक्स' आहे. ही गोष्ट तुम्ही आम्हाला सांगितलीत तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे कोर्टातबी नाव नाही सांगा लागत?" त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यातल्या दोघी तक्रार द्यायला तयार झाल्या.

मग लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेच्या वकिलांनी कायद्याचा मसुदा करायला घेतला आणि ठिकठिकाणच्या पॉझिटिव्ह लोकांशी, नर्सेसशी, संघटनांशी बोलत तो 2006 पर्यंत तयार करून नॅकोकडे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडे दिला. त्याची झेरॉक्स तुम्ही आणलीत. जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून आम्ही ती ऐकली. इंग्रजी तुम्ही वाचायच्या आणि वऱ्हाडीत सांगायच्या. निंदणाचे दिवस होते, मजुरी बुडवून बाया आल्या होत्या. एका आजीने विचारलं, मायबाप दोन्ही गेले, थोरला पोरगा तेरा वर्षांचा, धाकटीच्या शाळेच्या फॉर्मवर सही कोणाची? तुम्ही पेन काढलंत. कलम 32 मध्ये याचं उत्तर आहे. बारा ते अठरा वयाचं समजदार भावंड धाकट्याचा पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खातं, औषधोपचार यांसाठी सही करू शकतं. शहरात बसून कायदा लिहिणाऱ्याला हा प्रश्न सुचला असता का, मला शंका आहे.

विधेयक राज्यसभेत आलं फेब्रुवारी 2014 मध्ये, संसदेत मंजूर झालं 2017 च्या एप्रिलमध्ये, आणि अमलात यायला 10 सप्टेंबर 2018 उजाडला. सतरंजीवरच्या त्या बैठकीतल्या किती जणी तोवर उरल्या होत्या, ते आपण दोघींनी एकदा मोजलं होतं. पुन्हा मोजायचं नाही. जे हातात आलं त्यातही एक मेख राहिली. कलम 14 मध्ये उपचार 'शक्य तितके' पुरवायचे असं आहे. संघटनांनी ते काढून टाका म्हणून खूप आरडाओरडा केला, निघालं नाही. आणि शंभर माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमायचा, दवाखान्यात वीस असली तरी. आमच्याकडे जिनिंगवाला कागदावर शंभर माणसं दाखवतो तरी कधी?

माझे धनी गेले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. सासू म्हणाली, "पोट्टी घे अन् माहेरी जाय." तुम्ही ओट्यावर उभ्या राहून म्हणालात, "काऊन जाईन ते? घर तिचंबी आहे." तुमच्या हातात तेव्हा फक्त आवाज होता. सरपंच, पोलीस पाटील, दोन्हीकडचे नातेवाईक, सगळ्यांना जमवून कशीबशी एक खोली मिळवून दिलीत. 2019 मध्ये शेजारच्या गावच्या सुनेवर तीच पाळी आली तेव्हा मी तुमच्यासोबत होते. या वेळी तुम्ही पिशवीतून कागद काढलात. कलम 29, राहत्या घरात राहण्याचा आणि त्यातल्या सोयी वापरण्याचा हक्क. तिच्या निगेटिव्ह मुलालाही संरक्षण आहे, कारण बाधित माणसासोबत राहणाऱ्यालाही कायदा धरतो. दीर शिकलेला होता, वाचून गप्प झाला. तुम्ही चहा घेतलात, त्याच घरात, तिने केलेला.

गोळ्यांचंही सांगते. फुकट एआरटी सुरू झाली 1 एप्रिल 2004 ला, देशात आठ केंद्रं, आपल्या राज्यात मुंबईला. यवतमाळच्या मजुराला मुंबई म्हणजे परदेशच. आणि ती फुकट देणं सरकारला परवडलं कारण सिप्ला या आपल्याकडच्या औषध कंपनीने 2001 मध्ये एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा वर्षाचा डोस 350 डॉलरला देऊ केला होता. बाहेरच्या कंपन्यांचा तेव्हाचा भाव दहा हजारांच्या वर होता. पुढे 2005 मध्ये पेटंट कायदा बदलला, तेव्हा पॉझिटिव्ह लोकांच्याच संघटना पेटंट कार्यालयात हरकती घेऊन गेल्या. कॉम्बिव्हिर नावाच्या गोळीवरचा अर्ज 2006 मध्ये कंपनीला मागे घ्यावा लागला. हे समजवायला तुम्हाला वेळ लागला नाही. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर रॉयल्टी मोजलेल्या घरात पेटंट काय असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

बाटली एसटीत खुळखुळू नये म्हणून तिच्यात कापूस भरायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. घरचाच कापूस, सरकी काढून. लॉकडाऊनमध्ये दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या असा आदेश निघाला, पण त्या आणायला गाडी कुठे होती? तुम्ही पास काढून स्कूटीवर आल्या. आमच्या फाट्यावर उभ्या राहून फोन करायच्या, गावात शिरायच्या नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. भाजीच्या पिशवीत बाटल्या, वर मेथी.

आता पैशाचं. याच्याबद्दल तुम्ही कधी बोलत नव्हता म्हणून मी बोलते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा 2021 ते 2026, मंजूर रक्कम 15,471.94 कोटी रुपये, आणि तो केंद्र सरकारचा पैसा. मोठी गोष्ट आहे. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत थांबवली तेव्हा पुणे, कल्याण, हैदराबादची तृतीयपंथीयांची मित्र क्लिनिकं बंद पडली. आमच्या गोळ्या मात्र चालू राहिल्या. पण गोळी, किट, मशीन यांची खरेदी होते. गोळी सोडलेल्या माणसाच्या घरी दुपारी जाऊन तासभर बसणं, तहसीलमध्ये संजय गांधी निराधारच्या फॉर्मसाठी त्याच्यासोबत रांगेत उभं राहणं, हे कुठल्या खात्यात टाकायचं? 2013 पासून 'विहान' कार्यक्रमाची काळजी आणि आधार केंद्रं ग्लोबल फंड या एड्स, क्षयरोग, मलेरियासाठीच्या जागतिक निधीच्या पैशावर उभी राहिली, तेव्हा थोडी सोय झाली. त्या फंडाचा नियमच असा की देशाचा प्रस्ताव ठरवणाऱ्या समितीत आजारासोबत जगणारी माणसं असलीच पाहिजेत. मग 2020 मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला, मोठ्या संस्थेला आलेला पैसा लहान संस्थेकडे द्यायला बंदी झाली. तालुक्यातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसला दिल्लीशी थेट व्यवहार करणारा हिशेबनीस कुठून परवडणार? हा बदल करताना आमच्यासारख्यांना कोणी विचारलं नाही, आणि ते चूक झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचं मानधन अडकायचं तेव्हाही तुम्ही यायच्या. त्यासाठी आभार मानायला मला संकोच वाटतो, कारण ती तुमची थोरवी असली तरी यंत्रणेची लाज आहे. अशा बाया फुकट राबतात हे गृहीत धरूनच कोणीतरी बजेट आखतं.

असो. इकडची खबर अशी. पोरगी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोयाबीन गेलं, पराटी बरी आहे. गटाच्या बैठका आता माझ्या ओसरीत होतात, सासू चहा करते. वीसहून जास्त कर्मचारी असलेल्या आपल्या भागातल्या दवाखान्यांत तक्रार अधिकारी कोण, त्याचं नाव कुठे लावलंय, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही टाकला आहे. तुमच्याच जुन्या अर्जावरून उतरवला, फक्त तारीख बदलली आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. उत्तर आलं की व्हॉट्सॲपवर पाठवते. आलं नाही तर अपील कसं करायचं ते फोनवर सांगा, पण तुमचा जुना नंबर लागत नाही. नवा कळवा.

तुमची,
वहीतल्या पहिल्या पानावरची